रस्त्यावरचा देव आणि मंदिराचे दार

ओडिशातील पुरी येथे आषाढ शुद्ध द्वितीयेला निघणाऱ्या जगन्नाथाच्या रथयात्रेविषयी दोन मते दीर्घकाळ मांडली जात आहेत. एका मतानुसार त्या दिवशी जातीचे, पंथाचे आणि दर्जाचे भेद गळून पडतात, देव स्वतः गाभारा सोडून रस्त्यावर येतो आणि एरवी ज्यांना दर्शन नाकारले जाते त्यांनाही ते मिळते, म्हणून रथयात्रा हा समतेचा उत्सव ठरतो. दुसरे मत असे की वर्षातून एकदा अशी मुभा देणे हीच विषमतेची युक्ती असून एका दिवसाच्या मोकळिकीने उरलेल्या वर्षाची उतरंड अधिक पक्की होते. दोन्ही मते परस्परविरोधी असली तरी दोहोंची नजर रथाभोवतीच्या गर्दीवर खिळलेली असते. त्या गर्दीत कोण कोणाच्या शेजारी उभा राहिला यावरून दोन्ही बाजू आपापले निष्कर्ष काढतात. गर्दी बाजूला ठेवून विधींचा क्रम पाहिला, देवाला बाहेर आणण्यासाठी परंपरेने कोणत्या पायऱ्या आखल्या आणि प्रत्येक पायरीवर कोणाला कोणते काम नेमून दिले हे तपासले, तर एक वेगळे विधान समोर येते. हे विधी सांगतात की जगन्नाथ माणसांवर अवलंबून आहे: तो आजारी पडतो, त्याला उचलून न्यावे लागते, त्याच्यासाठी लाकूड तोडावे लागते, आणि दोरखंडाला हात लागल्याशिवाय त्याचा रथ तसूभरही हलत नाही. असे असेल तर ज्यांच्या हातांवर देवाची हालचाल अवलंबून आहे त्यांनाच देवाच्या दारात अडवण्याला कोणता आधार उरतो, हा प्रश्न रथयात्रा दरवर्षी नव्याने उभा करते. तो प्रश्न उत्सवाच्या कौतुकात विरून जाऊ देणे हा परंपरेवरच अन्याय आहे.

या अवलंबित्वाची सुरुवात लाकडापासून होते. जगन्नाथ, त्याचा थोरला भाऊ बलभद्र आणि बहीण सुभद्रा यांचे तीन स्वतंत्र रथ असतात. जगन्नाथाचा नंदिघोष १६ चाकांचा आणि सुमारे ४५ फूट उंच, बलभद्राचा तालध्वज १४ चाकांचा, तर सुभद्रेचा दर्पदलन १२ चाकांचा असतो. लाकडी स्तंभाच्या रूपात पुजले जाणारे सुदर्शन चक्र सुभद्रेच्या रथात बसते. परंपरेच्या मोजणीनुसार या तीन रथांना अनुक्रमे ८३२, ७६३ आणि ५९३ लाकडी भाग लागतात. फाशी, आसन आणि धौरा, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला धावडा म्हणतात तो वृक्ष, यांचे ओंडके प्रामुख्याने नयागड जिल्ह्यातील दशपल्ला परिसराच्या जंगलातून येतात. पूर्वी ते महानदीच्या प्रवाहातून वाहत आणले जात. अक्षय्य तृतीयेला रथांचे काम सुरू होते आणि पुढचे सुमारे दोन महिने महाराणा म्हणवले जाणारे वंशपरंपरागत सुतार, त्यांच्यासोबत लोहार, नक्षीकाम करणारे रूपकार, रंगकाम करणारे चित्रकार, छताचे कापड शिवणारे शिंपी आणि ओझे वाहणारे भोई राबत असतात. या कामाचा आधार कागदावरचा आराखडा नसून हात आणि अंगुळे यांची मापे व पिढ्यांचा सराव हा असतो. यात्रा संपली की रथ मोडले जातात आणि त्यांचे बरेचसे लाकूड मंदिराच्या स्वयंपाकघरात जळण म्हणून जाते.

दक्षिणेतील कित्येक मंदिरांत कोरीव कामाने भरलेले रथ पिढ्यान्पिढ्या टिकतात आणि उत्सवापुरते बाहेर काढले जातात. पुरीलाही तसा कायमचा रथ ठेवता आला असता, आणि जंगलाची आजची अवस्था पाहता तसे सुचवणारेही आढळतात. फाशीची झाडे विरळ होत चालल्याने रथासाठी स्वतंत्र वृक्षलागवड करण्याची वेळ आली आहे हे खरेच आहे. पण परंपरेने दरवर्षी नव्या रथाचा मार्ग निवडला, त्याचा परिणाम असा की देवाचे वाहन ही मंदिराची साठवलेली मालमत्ता कधी होऊ शकली नाही. प्रत्येक वर्षी देवाला जंगलाकडे आणि सुताराच्या वाकसाकडे नव्याने जावे लागते, आणि ज्या वर्षी हे हात थांबतील त्या वर्षी यात्राही थांबेल, ही जाणीव व्यवस्थेतच मुरलेली राहते.

हाच विचार अधिक खोलवर दिसतो तो ज्येष्ठ पौर्णिमेपासूनच्या पंधरा दिवसांत. त्या दिवशी स्नानपौर्णिमेचा विधी होतो. मूर्ती गाभाऱ्यातून स्नानमंडपावर आणल्या जातात आणि सुवर्णकूप नावाच्या विहिरीच्या १०८ घागरी पाण्याने त्यांना स्नान घातले जाते. यांपैकी जगन्नाथाला ३५, बलभद्राला ३३, सुभद्रेला २२ आणि सुदर्शनाला १८ घागरी हे वाटपही ठरलेले आहे. मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या आणि रंगवलेल्या असल्याने एवढ्या पाण्याने त्यांचा रंग धुपतो. दर्शन बंद करून मूर्ती पुन्हा रंगवणे ही त्यामुळे साधी व्यावहारिक गरज ठरते, पण परंपरेने या गरजेला जो अर्थ दिला तो विलक्षण आहे. अतिस्नानाने देवांना ताप आला असे मानले जाते. पंधरा दिवस ते आजारी असतात; या काळाला अणसर म्हणतात, म्हणजे देवाच्या भेटीला अवसर नसण्याचा काळ. नेहमीचा भाताचा नैवेद्य बंद होतो, फळे दिली जातात, औषधी तेल लावले जाते, आणि भक्तांना दर्शन घ्यायचे असेल तर कापडावर रंगवलेल्या देवतांच्या पटाचे घ्यावे लागते किंवा ब्रह्मगिरीच्या अलारनाथ मंदिरात जावे लागते.

या आजारपणात देवाजवळ कोण असते, हा यातला कळीचा भाग आहे. ब्राह्मण पूजाऱ्यांचे नित्याचे अधिकार मागे सरतात आणि सेवा दैतापती नावाच्या सेवेकऱ्यांकडे जाते. हे स्वतःला विश्वावसू या शबर आदिवासी प्रमुखाचे वंशज मानतात. कथा अशी की जगन्नाथ मुळात नीलमाधव या रूपात जंगलात विश्वावसूच्या पूजेत होता; राजा इंद्रद्युम्नाने पाठवलेल्या विद्यापती या ब्राह्मणाने विश्वावसूच्या मुलीशी, ललितेशी, लग्न करून त्या गुप्त देवाचा ठाव घेतला, आणि पुढे तो देव राजाच्या मंदिरात दारुमूर्तीच्या रूपाने प्रकट झाला. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध करता येत नाही, मात्र ती जपणाऱ्या समाजाने आपल्या देवाच्या उगमाविषयी काय कबूल केले आहे हे तिच्यातून निःसंशय कळते. देव आदिवासींकडून आणला गेला आणि त्या आणण्यात फसवणुकीचा अंश होता, हे कथा लपवत नाही. दैतापतींचे देवाशी नाते सेवकाचे नसून आप्ताचे मानले जाते. ज्या वर्षी आषाढ अधिक महिना येतो त्या वर्षी सहसा नवकलेवर, म्हणजे जुन्या मूर्तींच्या जागी नव्या मूर्ती घडवण्याचा विधी होतो (यापूर्वीचा २०१५ साली झाला), आणि तेव्हा कोइली वैकुंठ या मंदिराच्या आवारातील जागी जुन्या मूर्ती पुरल्यावर दैतापती घरातील मृत्यूचे सुतक पाळतात. सर्वसामर्थ्याचे स्तोत्र गाणाऱ्या धर्मव्यवहारात देवाला ताप येणे, त्याने पथ्य पाळणे, जीर्ण होऊन मरणे आणि त्याच्या जवळच्यांनी सुतक धरणे हे सारे खऱ्या अर्थाने धाडसाचे आहे. पंढरीच्या विठोबाला थकलेला, उभा राहून शिणलेला मानून त्याचा शिणवटा काढण्यासाठी प्रक्षाळपूजा करणाऱ्या मराठी भक्तांना हा भाव परका वाटण्याचे कारण नाही.

येथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. दैतापतींचा अधिकार मूळ शबरांच्या वतीने सांगितला जात असला तरी तो आज काही कुटुंबांचा वंशपरंपरागत हक्क आहे, त्याला मानपान आणि उत्पन्न जोडलेले आहे, आणि ओडिशाच्या डोंगराळ भागातील आदिवासींच्या जगण्याशी त्याचा संबंध जवळपास उरलेला नाही. ज्यांच्यापासून देव आला त्यांची स्मृती जपली गेली, पण त्यांचे स्थान जपले गेले नाही. रथयात्रेच्या बहुतेक विधींची हीच गत झाली आहे: विधीने जे कबूल केले ते व्यवहाराने विधीच्या चौकटीतच बंद करून ठेवले.

याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे छेरा पहंरा, राजाने रथ झाडण्याचा विधी. मूर्तींना हेलकावे देत, ढकलत आणि ओढत रथापर्यंत आणले जाते, त्या चालीला पहंडी म्हणतात. जगन्नाथाच्या मूर्तीला पाय नाहीत आणि पूर्ण हातही नाहीत, त्यामुळे त्याला चालवणे हे शब्दशः माणसांचे काम होते. देव रथावर बसल्यावर पुरीचा गजपती राजा पालखीतून येतो आणि सोन्याच्या मुठीच्या झाडूने तिन्ही रथ झाडतो, चंदनाचे पाणी शिंपडतो. गंग वंशातील तिसरा अनंगभीमदेव याने तेराव्या शतकात राज्य पुरुषोत्तमाला, म्हणजे जगन्नाथाला, अर्पण करून स्वतःला त्याचा राउत, म्हणजे प्रतिनिधी, म्हणवले होते. राजा हा देवाचा पहिला सेवक ही कल्पना तेव्हापासून ओडिशाच्या राजसत्तेचा पाया ठरली. झाडूविषयीची लोकप्रिय कथा पंधराव्या शतकातील राजा पुरुषोत्तमदेवाशी जोडलेली आहे. रथ झाडणारा राजा म्हणजे चांडाळ, त्याला मुलगी देणार नाही, असे कांचीच्या राजाने म्हटले. पुरुषोत्तमदेवाने कांची जिंकली, राजकन्या पद्मावतीला आणले आणि अपमानाचा सूड म्हणून तिला एखाद्या झाडूवाल्याशी लावून देण्याची आज्ञा मंत्र्याला दिली. मंत्र्याने रथयात्रेची वाट पाहिली आणि राजा हातात झाडू घेऊन रथावर उभा असताना तिला त्याच्याच हवाली केले.

ही कथा मोठ्या प्रेमाने सांगितली जाते आणि तिच्यातल्या चातुर्याचे कौतुकही होते, परंतु तिच्यात एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. झाडूवाल्याशी लग्न ही शिक्षा आहे, हे कथेतील राजाला, मंत्र्याला आणि ऐकणाऱ्यांनाही आधीच मान्य आहे. कांचीच्या राजाचा तिरस्कार कथेने खोडून काढला नाही, केवळ त्याचे लक्ष्य बदलले. राजाने झाडू हाती घेतल्याने राजा मोठा झाला, झाडू हाती घेऊन जन्म काढणारा मोठा झाला नाही. जर्मन इतिहासकार हेरमान कुल्के यांनी ओडिशातील राजसत्ता आणि जगन्नाथपूजा यांच्या संबंधांचा जो अभ्यास केला त्यातून हे पुरेसे स्पष्ट होते की राजाचे देवापुढील नम्रपण हे सामंतांवर आणि प्रतिस्पर्ध्यांवर अधिकार गाजवण्याचे साधनही होते. ही रीत एकट्या पुरीची नव्हती. पाचव्या शतकाच्या आरंभी भारताकडे येत असताना चिनी भिक्षू फाहियान याने मध्य आशियातील खोतान येथे बुद्धमूर्तीच्या रथाची मिरवणूक पाहिली. रथ वेशीजवळ येताच तेथील राजा मुकुट उतरवून, नवी वस्त्रे नेसून, अनवाणी पायांनी फुले आणि धूप घेऊन त्याला सामोरा गेला असे त्याने लिहून ठेवले. पाटलिपुत्रातही पाच मजली, चार चाकांच्या रथांची यात्रा त्याने पाहिली. रथासमोर मुकुट उतरवणारा राजा ही भारतीय उपखंडाच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या धर्मजीवनातील जुनी, अनेक पंथांत पसरलेली रचना आहे, आणि सत्तेला तिचे मोल नेहमीच कळत होते.

नागपूरकर भोसल्यांची ओडिशावर १७५१ ते १८०३ अशी सत्ता होती, त्या काळाकडेही याच दृष्टीने पाहता येते. मराठ्यांनी मंदिराला सत्ताईस हजारी महालासारखे उत्पन्न लावून दिले, कोणार्कचा अरुणस्तंभ याच अमदानीत पुरीच्या मंदिराच्या सिंहद्वार या मुख्य दारासमोर उभा राहिला, आणि यात्रेकरूंवर करही याच अमदानीत वसूल होत राहिला. कंपनी सरकारने १८०३ मध्ये पुरी घेतली, १८०६ मध्ये यात्राकर स्वतःच्या नियमांनी लावला आणि तो १८४० पर्यंत चालू ठेवला. त्याच वर्षांत ख्रिस्ती धर्मोपदेशक रथाच्या चाकांखाली माणसे स्वतःला झोकून देतात अशी वर्णने इंग्लंडात पाठवत होते. अशा मृत्यूंपैकी बहुतेक अपघाती होते आणि रक्तपात या पंथाच्या वृत्तीला धरून नाही, हे पुढे डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर या ब्रिटिश अधिकाऱ्यानेच लिहिले. चाकाखालच्या मृत्यूवर एवढे लिहिले गेले, की दोरखंड ओढणाऱ्या हजारो जिवंत माणसांकडे त्या साहित्यात फारसे कोणी पाहिले नाही.

हा दोरखंडच या विवेचनाचा केंद्रबिंदू आहे. रथ ओढण्यासाठी एके काळी कळाबेठिया नावाचे नेमलेले लोक होते, त्यांना या सेवेच्या बदल्यात करमुक्त जमिनी मिळालेल्या होत्या, आणि त्यांच्यासोबत यात्रेकरूही हात लावत. आधी बलभद्राचा, मग सुभद्रेचा आणि शेवटी जगन्नाथाचा रथ बडदांड या रुंद रस्त्याने सुमारे तीन किलोमीटरवरच्या गुंडिचा मंदिराकडे निघतो. रथावर उभा राहणारा डाहुक पूर्वी ओढणाऱ्यांना जोर यावा म्हणून मोकळीढाकळी, कित्येकदा अश्लील गाणी म्हणत असे, आणि देवासमोर असे बोल चालत. नंतरच्या सभ्यतेने ते आवरले, पण त्यांचे अस्तित्व हेच सांगते की हा श्रमाचा प्रसंग होता आणि श्रमाची भाषा देवाला चालत होती. दोरखंडाला हात लावण्याने पुण्य मिळते हे शास्त्रवचन भाविकांना माहीत असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओढणाऱ्याची जात विचारण्याची सोय रथाला नाही.

दोरखंडाचा हा अर्थ भाविकांपेक्षाही त्याला विरोध करणाऱ्यांनी अधिक नेमका ओळखला होता, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रात आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. चैत्रातल्या रामरथाच्या दिवशी, ९ एप्रिलला, स्पृश्य आणि अस्पृश्य अशा दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड ठरली होती. प्रत्यक्षात सत्याग्रहींचे हात रथाला लागण्यापूर्वीच सनातन्यांनी तो पुढे पळवला, दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. वास्तविक मागणी मंदिरात शिरण्याची होती आणि रथ हा त्या मागणीवर शोधलेला मधला मार्ग होता, उघड्या रस्त्यावरचा, गाभाऱ्याला धक्का न लावणारा. तरीही तो सोसवला नाही, कारण रथाला हात लागला की मंदिराच्या दारावरचा युक्तिवाद कोसळतो हे रथ पळवणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला, दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. रथोत्सवांना समतेचे उत्सव म्हणणाऱ्या प्रत्येकाने नाशिकचा तो दिवस विचारात घेतला पाहिजे. नाशिकला दोरखंड नाकारला गेला आणि पुरीला तो मोकळा होता, हा फरक लहान नाही. परंतु मोकळ्या दोरखंडाने पुरीच्या मंदिराचे दारही उघडले नव्हते.

त्या दाराचा इतिहास पाहिला की हे ध्यानात येते. सिंहद्वाराच्या आत पतितपावन नावाची जगन्नाथाची मूर्ती अशी बसवलेली आहे की ती रस्त्यावरून दिसावी; ज्यांना आत प्रवेश नाही त्यांच्यासाठी ही सोय. परंपरा सांगते की अठराव्या शतकात मुसलमानांशी आलेल्या संबंधांमुळे खोर्द्याचा राजा दुसरा रामचंद्रदेव मंदिराला अपात्र ठरला आणि त्याच्यासाठी ही मूर्ती बसवली गेली. देवाचा पहिला सेवक म्हणवणारा राजाही एका निर्णयाने दाराबाहेर गेला, तर अस्पृश्यांची काय कथा. महात्मा गांधींनी मे १९३४ मध्ये अस्पृश्यतानिवारणासाठी पुरीहूनच पदयात्रा सुरू केली. मार्च १९३८ मध्ये पुरीजवळच्या डेलांग येथे गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले असताना कस्तुरबा हरिजनांना बंद असलेल्या या मंदिरात जाऊन आल्या, तेव्हा गांधींना झालेला मनस्ताप इतका तीव्र होता की त्यांचे सचिव महादेवभाई देसाईंनी आपले काम सोडण्याची तयारी दाखवली. स्वातंत्र्याच्या सुमारास झालेल्या मंदिरप्रवेशाच्या कायद्यांनी दलितांसाठी दार उघडले. ते दार कायद्याने उघडले, रथयात्रेने उघडले नाही, हे मान्य केल्याशिवाय रथयात्रेविषयी प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

मात्र यावरून रथयात्रा निरर्थक होती असा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल, कारण कायदा ज्या न्यायावर उभा राहिला तो न्याय या परंपरेने स्वतःच्या भाषेत आधीच उच्चारला होता. सोळाव्या शतकातील ओडिया कवी बलराम दास यांच्या लक्ष्मी पुराणात लक्ष्मी श्रिया नावाच्या चांडाळ स्त्रीच्या घरी जाते, तिची पूजा स्वीकारते. बलभद्राच्या आग्रहाने जगन्नाथ तिला मंदिरातून घालवून देतो, आणि मग दोघे भाऊ अन्नाला महाग होऊन दारोदार फिरतात. अखेर लक्ष्मी परत येते ती अन्नाच्या बाबतीत जातिभेद पाळला जाणार नाही या अटीवर. मंदिराच्या आनंदबाजारात महाप्रसाद एकाच भांड्यातून कोणत्याही जातीच्या माणसाने खावा, हा प्रघात या कथेशी जोडला जातो. मार्गशीर्षातील गुरुवारी ओडिशातील घराघरांत स्त्रिया हे पुराण वाचतात. महाराष्ट्रातही त्याच महिन्यात, त्याच वारी महालक्ष्मीचे व्रत होते, जरी कहाणी वेगळी असली तरी. देवाला भुकेला ठेवून धडा शिकवणारी देवी ही कल्पना रथयात्रेतल्या देवाच्या आजारपणाच्या सख्ख्या नात्यातली आहे.

ही देवी रथयात्रेतही गप्प बसत नाही. जगन्नाथ भावंडांना घेऊन निघतो आणि पत्नीला मागे ठेवतो, म्हणून पाचव्या दिवशी, हेरा पंचमीला, लक्ष्मी पालखीतून गुंडिचा मंदिराशी जाते, तिथे तिच्यासमोर दार लावले जाते, आणि रागाने ती आपल्या सेवकाकरवी नंदिघोषाचा एक तुकडा मोडवून आडवाटेने परतते. आषाढ शुद्ध दशमीला रथ परत फिरतात. एकादशीला रथावरच देवांना सोन्याचे हातपाय आणि दागिने चढवले जातात. द्वादशीला उंच मडक्यांतून अधरपणा नावाचे गोड पेय अर्पण करून ती मडकी रथावरच फोडली जातात आणि ते पेय अदृश्य जीवांसाठी सांडते. यानंतरच्या नीलाद्री बिजे या प्रवेशाच्या दिवशी लक्ष्मीने मंदिराचे दार बंद केलेले असते. देवाच्या बाजूने दैतापती आणि देवीच्या बाजूने तिचे सेवेकरी यांच्यात कडाक्याचे संभाषण होते, जगन्नाथ रसगुल्ले देऊन तिची समजूत काढतो, आणि मग दार उघडते. घरगुती गमतीच्या स्वरूपात हा विधी रंगत असला तरी त्याची रचना गंभीर आहे. आपल्याच मंदिराच्या दाराशी जगन्नाथ थांबलेला असतो, आत जाण्यासाठी त्याला विनवणी करावी लागते, आणि दार उघडण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती असतो. ज्या मंदिरात माणसांना शतकानुशतके अडवले गेले त्याच मंदिराने आपल्या देवालाही दरवर्षी अडवले जाण्याचा अनुभव घ्यायला लावले आहे.

देव, दोरखंड आणि लोक यांचे नाते किती घट्ट आहे हे २०२० साली वेगळ्या मार्गाने दिसले. कोविडच्या साथीमुळे सर्वोच्च न्यायालयाने १८ जून रोजी त्या वर्षीच्या यात्रेला मनाई केली, आणि २२ जून रोजी अटींसह परवानगी दिली. प्रत्येक रथ जास्तीत जास्त ५०० जणांनी ओढावा, त्यांतच अधिकारी आणि पोलीसही यावेत, शहरात संचारबंदी असावी, अशा त्या अटी होत्या. २३ जूनला रथ निघाले. विधी सारे पार पडले, परंतु रस्ता रिकामा होता आणि भाविकांनी यात्रा दूरचित्रवाणीवर पाहिली. त्या वर्षी प्राण वाचवण्यासाठी घेतलेला तो निर्णय योग्यच होता. पण यात्रा लोकांशिवाय पूर्ण होऊ शकते असा त्याचा अर्थ लावणाऱ्यांनी हे विसरू नये की त्या दिवशीही ५०० माणसांचे हात लागलेच, आणि ते हात वजा केले असते तर उरला असता तो लाकडाचा डोलारा.

गर्दीच्या सुरक्षेचा प्रश्न खरा आहे. २९ जून २०२५ रोजी पहाटे गुंडिचा मंदिराजवळ चेंगराचेंगरीत तीन भाविक मरण पावले. अशा घटनांनंतर रथाभोवतीचे कडे अधिक मोठे करावे, पासधारकांना आणि मान्यवरांना वेगळी जागा द्यावी, सामान्य यात्रेकरूला अधिक दूर ठेवावे, अशा सूचना येतात. सुरक्षा आणि खास वागणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या नावाखाली दुसरी आणणे ही रथयात्रेची हानी आहे. जो उत्सव अवलंबित्वाच्या तत्त्वावर उभा आहे त्यात मान्यवरांसाठी सर्वांत जवळची जागा राखून ठेवणे म्हणजे गाभाऱ्यातली उतरंड रस्त्यावर आणून मांडणे होय. पुरेशी रुंद वाट, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर पडण्याचे मार्ग, पाण्याची आणि उपचारांची सोय, ही कामे कोणत्याही पासाशिवाय करता येतात आणि ती करणे हेच प्रशासनाचे खरे काम आहे.

उरतो तो दाराचा अपूर्ण प्रश्न. आज मंदिरात हिंदूंखेरीज इतरांना प्रवेश नाही. याच्या समर्थनार्थ परंपरेचा आणि इतिहासातील आक्रमणांचा दाखला दिला जातो; १५६८ मध्ये सेनापती कालापहाडाने केलेल्या विध्वंसाची आणि त्यानंतर मूर्ती वारंवार लपवाव्या लागल्याची स्मृती खरी आहे, तिला हसण्यावारी नेता येणार नाही. पण परंपरा अपरिवर्तनीय आहे हा युक्तिवाद पुरीतच टिकत नाही. देवदासींची सेवा येथे संपली, डाहुकाची गाणी आवरली गेली, दलितांना बंद असलेले दार उघडले, व्यवस्थापन राजाकडून कायद्याने शासनाच्या देखरेखीखाली आले आणि १९५५ च्या त्या कायद्याला १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. एवढे सारे बदलूनही मंदिर मंदिरच राहिले. सतराव्या शतकातील सालबेग हा कवी मुघल सरदाराचा मुलगा होता आणि जगन्नाथाचा भक्त होता. परंपरा सांगते की तो पुरीला पोहोचेपर्यंत रथ रस्त्यातच अडून राहिला. बडदांडावर त्याची समाधी आहे, रथ आजही तिच्याजवळ थांबतो, आणि त्याची भजने ओडिशाच्या भक्तिगीतांत अग्रस्थानी मानली जातात. ज्याच्यासाठी देव वाट पाहत थांबला असे मंदिराचीच परंपरा सांगते, त्याच्या धर्मातला माणूस आज तीच भजने गात सिंहद्वाराशी आला तर त्याला कोणत्या कारणाने परत पाठवायचे, याचे उत्तर सेवेकऱ्यांनी, गजपतींनी आणि शासनाने द्यायचे आहे, आणि ते देताना त्यांना आक्रमणांच्या इतिहासाबरोबर आपल्याच विधींचीही साक्ष काढावी लागेल.